अर्धवट दुरुस्ती झालेला माळवदाचा वाडा जपणाऱ्यालाच विकायचाय – काय पुरं करावं, काय तसंच सोडावं?

मांजराकाठ

धाराशिव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, जुन्या पेठेत दोन चौकांचा वाडा आहे. जागा 42 बाय 78 फूट. खाली काळ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या अडीच फुटी भिंती. पुढच्या बाजूला वरचा मजला पातळ विटांचा, चुन्यातला. सागवानी खांब, कडीपाट (कड्यांवर फळ्यांचं छत), वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट धाबं.

झालेलं काम: पुढच्या चौकाभोवतीच्या नऊ खणांपैकी (दोन तुळयांमधल्या भागांपैकी) सहा खणांचं माळवद उतरवून, माती कमी करून पुन्हा घातलं. दोन तुळयांची कुजलेली टोकं कापून नवं सागवान जोडलं. दिंडी दरवाजा आणि देवडी दुरुस्त झाली. ओसरीवरचं सिमेंटचं प्लास्टर काढून चुन्याचं केलं.

राहिलेलं: तीन खण ताडपत्रीखाली आहेत. मागच्या चौकात माजघराची उत्तरेकडची भिंत बाहेर फुगलीय, बळदाजवळ (धान्य साठवायच्या जागेजवळ) वाळवी आहे. आडाला पाणी आहे.

मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचं नाव आहे. वारस चार, त्यात दोन आत्या.

गिऱ्हाइकं दोन आलीत. एक जुन्या लाकडाचे व्यापारी, जागेसकट सगळं एकदम मागतात. दुसरं एक जोडपं, वाडा आहे तसा नीट करून खाली निवास-न्याहारी, वर स्वतः राहणार. त्यांचा भाव कमी आहे, पण द्यायचं त्यांनाच असं घरात ठरलंय. उरलेलं काम करून द्यावं की आहे तसं? भाव कसा काढावा? आणि "वाडा पाडणार नाही" असं खरेदीखतात लिहून घेता येतं का?

कडीपाट

आधी कामाचं. पाणी थांबेल एवढंच पुरं करा, बाकी उघडं राहू द्या. जपणारं गिऱ्हाईक लाकडाची टोकं, भिंतीचा गाभा, जुन्या चुन्याचा थर बघायला येतं. विकायच्या घाईत त्यावर रंग किंवा गिलावा चढवला की त्याला वाटतं आत काहीतरी झाकलंय, आणि तपासायला तो तुमचाच गिलावा फोडायला लावतो.

म्हणून पावसाच्या आधी ते तीन खण घ्या. ताडपत्रीखाली लाकूड कोरडं राहत नाही. दिवसा तापतं, रात्री आतून दव धरतं, आणि ताडपत्री जिथं दोरीनं कड्यांवर आवळलीय तिथंच कूज लागते. काम करताना आधी मातीची जाडी मोजा. दरवर्षी उन्हाळ्यात वर खारी माती टाकत गेल्यानं आपल्याकडची माळवदं दीड-दोन फुटांवर जातात. शंभर चौरस फुटांवर एक फूट माती म्हणजे एक ब्रास, ओली असेल तर साडेचार-पाच टन. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारीला माणसं दगावली त्यात या ओझ्याचा आणि सुट्या दगडी भिंतींचा मोठा वाटा होता. सात-आठ इंचांवर आणा. जास्तीची माती एका खणावरून एकदम उतरवू नका, आलटून पालटून सगळीकडून उतरवा, नाहीतर तुळई एका अंगाला वळते.

घालताना कडीपाटावर किलचण (लाकडाच्या बारीक ढलप्या), त्यावर निंबाचा पाला किंवा तुराट्या, मग तुडवलेला चिखल, वर पांढरी माती. उतार पन्हाळीकडं, दहा फुटाला निदान तीन इंच. प्लास्टिकचा कागद घालायचाच असेल तर मातीच्या दोन थरांच्या मध्ये घाला. थेट फळ्यांवर घातला की खालची वाफ लाकडातच मुरते, आणि चार-पाच पावसाळ्यांत फळी हातानं चुरगळते. कठड्यापाशी कागद वर वळवून घ्यायला विसरू नका, गळती बहुतेक तिथूनच सुरू होते.

फुगलेली भिंत आता खोलू नका. आधी खांब बघा. खांब भिंतीला लागून तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) उभे असतील तर माळवदाचा भार खांबांवर आहे. घेणाऱ्याला ती भिंत पुढं निवांत खोलून बांधता येईल. कड्या थेट भिंतीत गेल्या असतील तर मात्र आजच टेकू द्या, खाली फळी टाकून, म्हणजे टेकू जमिनीत रुतणार नाही. मग वरून ओळंबा सोडून दर फुटाला फुगवटा मोजा आणि लिहून ठेवा. भेगेवर चुन्यानं काचेची पट्टी चिकटवून तारीख टाका. पट्टी तडकली तर भिंत अजून चालतेय, शाबूत राहिली तर फुगवटा जुना आहे. घेणाऱ्याच्या इंजिनिअरला ही नोंद शंभर आश्वासनांपेक्षा जास्त सांगते.

कारणही लिहून द्या. आपल्या भिंती दोन पदरी, मध्ये माती आणि कपच्या. कठड्यावरून पाणी आत गेलं की मधला गाभा खाली बसतो आणि बाहेरचा पदर ढकलतो. आरपार दगड नसले की तो पदर धरायला काहीच उरत नाही. नवी बांधताना दर दोन फूट उंचीला, आडवे जास्तीत जास्त चार फुटांवर आरपार दगड हवेत. बाकीच्या ओळंब्यातल्या भिंतींना न खोलताही बांधता येतं: एक-एक दगड काढून आरपार भोक, त्यात टोकं वळवलेली 8 मिलीमीटरची सळई, आणि काँक्रीट. अशा बांधकामासाठी आयएस 13828 हे मानक आहे, कंत्राटदाराला तेच वाचायला लावा.

खरेदीखत_वाचक

कागदाचं बोलतो, कारण असे बहुतेक व्यवहार कागदावरच अडतात.

आजोबांच्या नावावरून थेट खरेदीखत करायला जाऊ नका. आधी वारसनोंद. दोन्ही आत्यांची नावं त्यात आलीच पाहिजेत, "त्या काही मागणार नाहीत" हे कागद नव्हे. त्यांना हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलं हवं, नुसती स्टॅम्पवरची नोटरी इथं कामाची नाही. नाहीतर चौघांनी मिळून विकणार म्हणून सह्या करा, ते जास्त सरळ.

मराठवाड्यात जागेचं मूळ बघणं आलंच. निजामकाळची सनद, मोडी किंवा उर्दू कागद असतील तर जाणकाराकडून लिप्यंतर करून जोडा. जागा इनामी होती का बघा. मदतमाश म्हणजे उदरनिर्वाहासाठी दिलेलं इनाम असेल तर हैदराबाद इनामे नष्ट करण्याच्या 1954 च्या कायद्यातल्या अटी लागतात, आणि खिदमतमाश म्हणजे देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेची जमीन असेल तर प्रकरण पूर्ण वेगळं. हे इसार (व्यवहाराची आगाऊ रक्कम) घेण्याआधी कळलं पाहिजे. तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून तुम्हीच काढून ठेवा. सावध गिऱ्हाईक तो मागणारच, आणि तयार असला की भावावर घासाघीस कमी होते.

आड सामाईक आहे का? शेजाऱ्याची तुळई तुमच्या भिंतीत आहे का? त्याची पन्हाळ तुमच्या चौकात पडते का? कोपऱ्यातल्या खोलीत जुना भाडेकरू आहे का? असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागतो. हे सगळं खतात शब्दांत उतरवा. दडवलेला दोष विकणाऱ्याच्याच अंगावर येतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 55 नुसार घेणाऱ्याला सहज न कळणारा मोठा दोष सांगणं तुमचं कर्तव्य आहे.

आता "पाडणार नाही" ही अट. नुसती लिहिली तर ती कमकुवत ठरते. मालकी पूर्ण देऊन वापरावर बंधन घालणारी अट त्याच कायद्याच्या कलम 11 पुढं टिकत नाही, आणि "कधीच विकायचा नाही" ही तर कलम 10 नुसार रद्दच. पण कलम 11 आणि 40 मध्ये एक वाट आहे: विकणाऱ्याची स्वतःची लागून असलेली मिळकत असेल आणि तिच्या उपभोगासाठी बंधन घातलं असेल, तर ते धरता येतं, ज्याला त्याची माहिती आहे अशा पुढच्या खरेदीदारावरही. मागची पडवी किंवा परसातला तुकडा कुटुंबाकडं ठेवणार असाल तर या वाटेचा विचार वकिलाशी करा. दुसरं, पुन्हा विकायची वेळ आली तर आधी तुम्हाला विचारायचं, ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यायचं, अशी अट नोंदवलेल्या दस्तात घाला. तिसरा रस्ता म्हणजे विक्रीच न करता दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, त्यात पाडकामावरची बंदी चांगली टिकते. पण त्यांना घर स्वतःचं करायचं असेल तर ते कबूल होणार नाहीत, आणि मला त्यांचं चूक वाटत नाही.

आणखी एक: जवळ केंद्र संरक्षित स्मारक असेल तर 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी. पहिल्या पट्ट्यात दुरुस्तीलाही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची मंजुरी लागते. निवास-न्याहारीवाल्यांना हे आधीच सांगा.

मांजराकाठ

दोघांचे आभार. इनामाचा विषय नाही, सनद मोडीत आहे, ती वाचून घेतो. कड्या भिंतीत नाहीत, खांब आहेत. भावाचं कुणी सांगेल का? आणि कोरीव चौकट, देवघर, झोपाळ्याच्या पितळी कड्या आम्ही ठेवून घेतल्या तर चालेल का?

चुनकळी

शेवटच्या प्रश्नाला आधी. जे घरात बसवलेलं आहे ते घराबरोबर जातं, वेगळं लिहिलं नाही तर. काय ठेवणार याची यादी फोटोसह इसाराच्या आधी द्या. पण कोरीव चौकट काढू नका, कळकळीनं सांगतो. ती काढताना वरची पाटली मोकळी होते, दगड खाली बसतात, आणि त्या भिंतीची पातळी कायमची जाते. देवघरातल्या शंभर वर्षांवरच्या मूर्ती असतील तर पुरावशेष कायदा, 1972 लागू होतो. नोंदणीकृत मूर्ती दुसऱ्याच्या मालकीत देताना नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. मूर्ती घरातच ठेवा, व्यवहारात आणू नका.

भावासाठी तीन आकडे वेगवेगळे काढा. पहिला, मोकळ्या जागेचा भाव त्या पेठेत काय चाललाय. दुसरा, लाकडाचा: प्रत्येक खांब, तुळई, कडी मोजून घनफूट काढा, कूज लागलेलं वजा करा. व्यापारी हेच दोन आकडे जोडून बोलतो, पाडणावळ आणि ढिगारा उचलायचा खर्च त्यातून कापतो. त्याच्याकडून हा हिशेब तोंडानं वदवून घ्या, त्याचा "जास्त" भाव पुष्कळदा खाली येतो. तिसरा आकडा, झालेलं काम आज पुन्हा करायला काय लागेल. जपणाऱ्याला तुम्ही हा तिसरा आकडा दाखवू शकता, पण तो पूर्ण मिळेल असं धरू नका. त्याला छताचं, सांध्याचं आणि ओल काढल्याचं मोल वाटतं. रंग, फरशी, नवे नळ यांचे पैसे तो देणार नाही, कारण त्याला ते बदलायचेच असतात. मागच्या चौकाचा खर्च तो भावातून वजा करेल, तर त्याचा अंदाज तुम्हीच एखाद्या संवर्धन वास्तुविशारदाकडून काढून पुढं ठेवा. त्याच्या मनातला भीतीचा आकडा नेहमी मोठा असतो.

बँकेच्या कर्जावर विसंबून असलेलं गिऱ्हाईक असेल तर आधीच विचारा. जुन्या दगड-मातीच्या बांधकामाला मूल्यांकन करणारे जवळपास शून्य किंमत धरतात, कर्ज जागेपुरतं मिळतं आणि मुदत लांबत जाते. तेवढ्यात पावसाळा येतो.

आता दप्तर, तुमची खरी मालमत्ता तीच. वाड्याचा मोजून काढलेला नकाशा. त्यावर प्रत्येक खांबाला, कडीला क्रमांक, आणि तोच क्रमांक खडूनं लाकडावर. कामाच्या आधीचे, उघडं असतानाचे आणि नंतरचे फोटो. टोकं बदललेल्या तुळयांचा सांधा आतून कसा आहे, खिळे की लाकडी पाचर, याचं रेखाटन, कारण बंद झाल्यावर ते कुणालाच दिसणार नाही. ओसरीच्या चुन्यात वाळू किती, विटांची सुरखी (भुकटी) किती, चुना किती दिवस भिजवला हे लिहून एक मूठभर कोरडा नमुना डबीत ठेवा. पुढच्या गवंड्याला तोच गिलावा जुळवता येईल. नाही ठेवलं तर तो सिमेंट मारून मोकळा होतो, ओल विटेत अडकते, आणि दोन वर्षांत लोणा (क्षार) लागून वीट भुरभुरते.

कडीपाट यांच्याशी एका गोष्टीत जुळत नाही. वाळवी तशीच सोडू नका. बळदाजवळची वाळवीची मातीची नळी बाहेरून दिसते तेवढीच नसते. बळदातली जुनी भुसकट, कुजकी फळी काढून जागा कोरडी करा, भिंतीच्या पायथ्याला औषध परवानाधारकाकडून मारून घ्या आणि त्याची पावती दप्तरात लावा. विक्री सहा महिने लांबली तर ती नव्या जोडलेल्या टोकांपर्यंत जाईल.

आणि वाडा जुलै-ऑगस्टमध्ये दाखवा. चांगला पाऊस चालू असताना. कोरड्या घराचा त्याहून मोठा पुरावा नाही, आणि कुठं गळत असेल तर ते दोघांनी मिळून बघितलेलं बरं.

कडीपाट

वाळवीचं मान्य, ते मी सोडायला नको होतं. बळदाच्या बाजूचे खांब तळखड्यापाशी टोच्यानं टोचून बघा. टोच्या अर्ध्या इंचापेक्षा जास्त सहज गेला तर त्या खांबालाही टेकू.

खरेदीखत_वाचक

पैशाचं थोडक्यात. इसार 20 हजार किंवा त्यावर असेल तर रोख घेऊ नका, तेवढाच दंड बसू शकतो. नुसत्या इसार पावतीवर न थांबता साठेखत (विक्रीचा करार) नोंदवा. त्यात मुदत, हप्ते, आणि ताबा देईपर्यंत पावसापासून घर कोण सांभाळणार हे लिहा. त्या दिवशीचे फोटो परिशिष्ट म्हणून जोडा. ताबा मिळण्याआधी त्यांनी काम सुरू केलं आणि व्यवहार मोडला तर खर्च कुणाचा, हेही त्यातच.

1 एप्रिल 2001 च्या आधीपासूनची वडिलोपार्जित मिळकत असल्यानं त्या तारखेचं मूल्य नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्या. ते त्या दिवशीच्या सरकारी दरापेक्षा जास्त धरता येत नाही. 23 जुलै 2024 पासून दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के, महागाई निर्देशांकाशिवाय. पण भारतात राहणाऱ्या व्यक्तीला जुन्या मिळकतीसाठी निर्देशांकासह 20 टक्क्यांचा हिशेब करून जो कर कमी येईल तो भरता येतो. तुमच्यासारख्या जुन्या घराला दोन्ही मांडून बघा. तुळया, माळवद, भिंती यांचा खर्च सुधारणा म्हणून धरायला बिलं लागतात. मिस्त्रींना रोख दिलेल्या मजुरीच्या सहीच्या पावत्या आत्ताच गोळा करा, वारसांपैकी कोणी किती घातले तेही लिहून. व्यवहार 50 लाख किंवा त्यावर गेला तर घेणारा 1 टक्का कर कापून भरेल, आणि आत्यांपैकी कोणी परदेशात राहत असेल तर तिच्या हिश्श्याची कपात वेगळी आणि जास्त असते, ते आधी सनदी लेखापालाला सांगा.

मांजराकाठ

मोठ्या आत्या दुबईला आहेत. बरं झालं विचारलं. वारसनोंदीचा अर्ज या आठवड्यात देतो, तीन खणांची माती उद्यापासून मोजायला घेतो.

चुनकळी

मग त्यांचं कुलमुखत्यारपत्र आत्ताच सुरू करा. तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही साक्षांकित करून आणायची, आणि इथं आल्यावर त्याचं मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं. याला वेळ लागतो, आणि पाऊस सुरू झाल्यावर घेणाऱ्याला तेवढंच थांबवून ठेवणं अवघड जातं.