मदत हवी आहे : अंगणातला फोकस बदलायचाय, कोणता घेऊ?

डोंगरकडा
उद्या बाजाराला जातोय, म्हणून जरा लवकर सांगा. दिवाळीत अंगणात एलईडी फोकस लावला. आता काजव्यांचे दिवस आले, तर घरामागच्या सादड्याच्या झाडावर चार-दोनच लुकलुकतायत. ओढ्यापलीकडची झाडं मात्र नेहमीसारखी पेटलेली. कोणता लाइट घेऊ? फक्त कंपनी आणि वॅट सांगा. 'बंदच ठेवा' असं कृपया कुणी लिहू नका.

कपबशी
आत्ताचा किती वॅटचा? पांढरा की पिवळा? किती उंचावर, तोंड कुठे? कंपनी सांगायला इथं दुकान थाटलंय का आम्ही?

सोलरकाका
सोलर घ्या. माझ्या शेतावर चार आहेत. बिल शून्य. विषय संपला.

निम्माचंद्र
काका, बिलाचं कुणी विचारलंच नाहीये. डोंगरकडा, खोक्यावर ६५०० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलंय का बघा. तो निळसर पांढरा. निळा उजेड हवेत जास्त विखुरतो, म्हणून अंगणातल्या दिव्यानं वरचं आकाशसुद्धा दुधट होतं. ३००० के किंवा त्याहून कमी घ्या. आणि तोंड खाली. २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पात देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, जाहीर झालं, तिथं आजूबाजूच्या गावांतले दिवे असेच खाली तोंड केलेले बसवलेत.

रानभूल
पिवळा लावला की काजवे परत, असं होत नाही हो. काजव्याचा स्वतःचा उजेडच पिवळा-हिरवा. नर लुकलुकतो, मादी बसल्या जागेवरून उत्तर देते. फोकसच्या झोतात दोघांनाही एकमेकांचं दिसत नाही. रंग कुठलाही असो, सादड्यावर उजेड पडता कामा नये.

निम्माचंद्र
मी नुसतं पिवळा म्हटलेलं नाही. 'तोंड खाली' पण लिहिलंय, वाचा.

रानभूल
वाचलं. शेवटी, पेंचच्या आधी, तीन शब्दांत.

शनिवारची_सुट्टी
काजवे बघायला कुठे यायचं? चौघं आहोत, राहायची सोय होईल का? गाडी झाडापर्यंत जाते ना?

कपबशी
झाडापर्यंत हेडलाइट घेऊन येणाऱ्यांसाठी वेगळा धागा काढा. डोंगरकडा, गेलात कुठे? रात्रभर चालू कशासाठी ठेवता, ते आधी सांगा.

डोंगरकडा
गाईंच्या धारा काढत होतो. मला वाटलं, हे सांगायला नको. अकोले तालुका, भंडारदऱ्याच्या बाजूला. बिबट्या. मार्चमध्ये पडवीतून कुत्रं नेलं. आई पहाटे चारला गोठ्यात जाते, ती फोकस बंद करू देत नाही आणि तिचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. १०० वॅट, पांढरा, पडवीच्या आढ्याला, तोंड गोठ्याकडं. सादडा गोठ्यामागंच.

कपबशी
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं!

ऊसपट्टा
आमच्याकडे जुन्नरला तो दिव्याखालून जातो. पहिले आठ दिवस बिचकला, मग काही नाही. गोठ्याला दार आणि जाळी आहे का? नसेल तर त्या पैशात आधी जाळी घ्या.

सोलरकाका
बिबट्यासाठी तर सोलरच. वीज गेली तरी चालू.

रानभूल
काका, काजव्यांच्या दिवसांत घाटावर ढग असतात. चार्ज कशावर होणार, विजा चमकण्यावर?

वायरमन
अकोल्यातलाच आहे, कामं करतो. १०० वॅट अंगणाला कशाला? समोरून झोत आला की डोळे दिपतात, मागचा अंधार आणखी काळा होतो. बिबट्या तिथंच बसणार. नवीन फोकस घेऊच नका. गोठ्याच्या दारावर ९ वॅटचा वॉर्म व्हाइट बल्ब, वर पत्र्याची टोपी, उजेड फक्त पायाखाली. पडवी ते गोठा वाटेवर मोशन सेन्सर, माणूस आला की लागेल, नंतर आपोआप बंद. सेन्सर गाईंकडं तोंड करून लावू नका, शेपटी हलली तरी पेटतो. हिशोबही सांगतो : १०० वॅट बारा तास म्हणजे रात्रीला १.२ युनिट, महिन्याला ३६.

सोलरकाका
म्हणजे बिलाचा विषय निघालाच.

डोंगरकडा
काल तेलाचा डबा उभा कापून टोपी केली. गोठ्याच्या दारावर ९ वॅट लावला, वाटेवर सेन्सर. फोकस काढला नाही, तोंड खाली वळवून बटण आईच्या खाटेशी आणलंय. तिनं रात्री दोनदा उठून दाबून बघितलं. सादड्यावर एका फांदीला वीस-पंचवीस मोजले, मग पाऊस आला. आता अडचण एवढीच की मांजर गेलं तरी सेन्सर लागतो. किती उंचीवर लावायचा?

वायरमन
कुठे लावलाय? फोटो टाका.

शनिवारची_सुट्टी
वीस-पंचवीस म्हणजे यायला हरकत नाही ना?