सेन्सर १४२, बोट ७५. सेन्सर बदलू का?

चिपळूणची_आई

नमस्कार. मुलगा १० वर्षांचा, टाइप १ मधुमेह, इन्सुलिन पेनने देतो. दंडावर सतत साखर मोजणारा १० दिवसांचा सेन्सर आहे, आज पाचवा दिवस. हा सेन्सर बिघडलाय असं मला वाटतंय, पण फेकायला जीव होत नाही, किंमत तुम्हाला माहीतच आहे.

परवा रात्री २:४० ला अलार्म. १५ मिनिटांत ११८ वरून ५४. मी घाबरून आधी साखरेचं पाणी पाजलं आणि मग बोट टोचून ग्लुकोमीटरवर बघितलं, तर १०६! सकाळी २१० होती, ती माझीच कृपा.

तेव्हापासून विश्वास उडाला. म्हणून काल दुपारी जेवणाआधी कॅलिब्रेट करायचं, म्हणजे बोटाचा आकडा अ‍ॅपमध्ये घालून सेन्सर जुळवायचं ठरवलं. सेन्सर १३० दाखवत होता, बाण आडवा, म्हणजे साखर स्थिर. मुलगा आजीबरोबर आमरसाचे आंबे पिळायला बसला होता, तिथेच बोट सॅनिटायझरने पुसून टोचलं. २४१ आले. अ‍ॅपने पुन्हा आकडा मागितला, मी पुन्हा २४१ च दिला.

आज सकाळी आंघोळ करून आला आणि म्हणाला, आई हात थरथरतायत. सेन्सर १४२. मी १४२ धरून नाश्त्याच्या डोसचं गणित मांडत होते. सहज बोट टोचलं तर ७५. मला घाम फुटला.

रात्री कमी दाखवतो, सकाळी जास्त दाखवतो. असा दोन्हीकडून चुकणारा सेन्सर ठेवायचा तरी कसा?

झिरो_स्पॅन

ताई, अजून काढू नका. मी डॉक्टर नाही. लोट्याच्या एका केमिकल कारखान्यात ३१ वर्षं इन्स्ट्रुमेंट खात्यात काढली. गेली ९ वर्षं स्वतः इन्सुलिनवर आहे आणि दीड वर्षापासून दंडाला हेच यंत्र मिरवतोय. गेज चुकतंय की ज्याच्याशी ताडून बघतोय ते चुकतंय, हे शोधण्यात आयुष्य गेलं, म्हणून लिहितो.

तुमच्याकडे एक बिघाड नाही, दोन आहेत. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि दोन्हींत सेन्सरचा दोष मला दिसत नाही.

आधी कालची दुपार. पोरगं आंबे पिळत होतं. सॅनिटायझरने रस निघत नाही, नुसता पसरतो. पट्टीला रक्त लागतं मायक्रोलिटरभर किंवा त्याहून कमी, तेवढ्यात रसाचा अंश मिसळला तरी आकडा कुठल्या कुठे जातो. हात पाण्याने धुवून, कोरडे करूनच टोचायचं.

आता गणित बघा. सेन्सर १३० म्हणत होता, तुम्ही त्याला २४१ म्हणायला लावलंत, म्हणजे १.८५ पट. आज सकाळी आंघोळीनंतर स्वच्छ बोटाने ७५ आले. ७५ ला १.८५ ने गुणा, १३९ येतात. सेन्सरने १४२ दाखवले. म्हणजे बिचारा तुम्ही शिकवलेला पाढाच म्हणतोय. काल दुपारी १३० होते तेव्हा तो बहुधा बरोबरच होता.

आमच्या खात्यात भिंतीवर नियम लिहिलेला होता: मास्टर गेज हे तपासायच्या गेजपेक्षा निदान चौपट अचूक हवं. घरगुती ग्लुकोमीटरचं आयएसओ मानक काय सांगतं? साखर १०० किंवा वर असेल तर १५ टक्के इकडेतिकडे, १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम इकडेतिकडे, तेही १०० पैकी ९५ वेळा. आणि आजच्या बऱ्या सेन्सरची सरासरी चूक ८ ते १० टक्क्यांच्या घरात. म्हणजे आपण डेडवेट टेस्टर (गेज तपासायचं मास्टर साधन) समजून जे हातात घेतो, ते गेजच्याच तोलाचं असतं. मला तर फॅक्टरीत कॅलिब्रेट होऊन येणाऱ्या सेन्सरशी खेळणं म्हणजे चालू घड्याळाचे काटे शेजाऱ्याच्या घड्याळावरून फिरवणं वाटतं. १२० आणि १३२ मध्ये भांडण लावू नका. तफावत मोठी असेल, दोन वेळा धुतलेल्या बोटाने तशीच आली आणि बाण आडवा असेल, तरच आकडा घाला. साखर चढत-उतरत असताना अजिबात नाही, कारण सेन्सर रक्तात नाही, पेशी-पेशींच्या मधल्या पाण्यात बसलाय. तिथे साखर पोचायला ५-१० मिनिटं लागतात. कारखान्यात लांबून नळीने नमुना आणला की अ‍ॅनालायझरचा आकडा मागे राहतो, तसंच हे.

आता परवाची रात्र. तो कोणत्या कुशीवर झोपला होता?

चिपळूणची_आई

काका, आंब्याचं वाचून मी कपाळाला हात लावला. २४१ आला तेव्हा शंकासुद्धा आली नाही, उलट वाटलं बघ, सेन्सर चुकतोच.

उजव्या कुशीवर. सेन्सर उजव्या दंडावर आहे.

झिरो_स्पॅन

मग ती चोकअप लाइन, तुंबलेली नळी. वजनाने तिथलं पाणी दाबलं जातं, सेन्सरपर्यंत साखर पोचत नाही, आकडा धाडकन खाली येतो. कूस बदलली की तसाच वर. खरा लो, म्हणजे साखर खरंच कमी होणं, सहसा उतारावरून येतो, कड्यावरून नाही. १५ मिनिटांत ६४ म्हणजे मिनिटाला चारच्या वर. जेवणाचं इन्सुलिन पाच-सहा तासांपूर्वी दिलेलं, त्याचा जोर बहुतेक संपलेला असताना साखर एवढ्या वेगाने पडायला कारण काय? असा कडा दिसला की आधी हात मोकळा करायचा आणि आलेख बघायचा.

नागपूर_टी१

काका, बाकी सगळं पटलं, पण हे शेवटचं नाही. माझी मुलगी १३ वर्षांची आहे, टाइप १ ला सात वर्षं झाली. रात्री अडीचला आलेखाचा उतार की कडा हे ठरवत बसू नये. हात मोकळा करा, पण त्याच मिनिटाला बोट टोचा. टोचता येत नसेल तर लो खराच धरून डॉक्टरांनी सांगितलेली साखर द्या. २१० परवडले, झटका परवडत नाही. ताईंनी पाणी आधी पाजलं त्यात काही चुकलं नाही.

आम्ही सेन्सर नेहमी झोपायच्या कुशीच्या उलट दंडावर लावतो. तरी ती लोळतेच.

झिरो_स्पॅन

बरोबर. मी ६४ वर्षांचा माणूस स्वतःपुरतं बोललो. लेकरासाठी तुमचंच ऐकावं.

प्रयोगशाळा_पुणे

बायोमेडिकलमध्ये काम करतो, थोडी भर घालतो. बऱ्याच सेन्सरच्या कातडीखालच्या तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम असतं. ते ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, आणि त्यातून नॅनोअँपिअरमध्ये मोजावा लागेल एवढासा प्रवाह निघतो. आकडा म्हणजे त्या प्रवाहाला एका गुणकाने गुणलेलं उत्तर. तुम्ही आकडा घातला की तो गुणक बदलतो, म्हणून काकांचं १.८५ जुळलं. सगळी अ‍ॅप्स एका आकड्यावर इतका विश्वास टाकत नाहीत, पण तुम्ही दोनदा दिलात.

अ‍ॅपमधले बिघाड पकडणारे नियमही काकांच्याच जातीचे असतात: बदल शरीराला शक्य नाही एवढा वेगवान आहे का, सिग्नल खडबडीत झालाय का, नुकताच झालेला बदल आधीच्या कलाशी जुळतो का. काही सेन्सर तर स्वतःच्या तारेचा विद्युत प्रतिरोध तपासून तार थकली का ते बघतात. पण चुकीचं कॅलिब्रेशन यातल्या कशातच सापडत नाही. आलेख गुळगुळीत दिसतो, फक्त संपूर्ण वर सरकलेला. म्हणून तुमची सकाळ रात्रीपेक्षा जास्त धोक्याची होती.

एक विचारतो: तापासाठी पॅरासिटामॉल दिलं होतं का? पेरॉक्साइडवर चालणाऱ्या जुन्या सेन्सरमध्ये त्याने आकडा खोटा वर जातो. काही सेन्सरना व्हिटॅमिन सी चे मोठे डोस चालत नाहीत. दोन्ही माहिती डबीतल्या पत्रकात असते.

चिपळूणची_आई

ताप नाही, गोळी नाही.

काल दुपारी चारला हात साबणाने धुवून दोनदा टोचलं, १२१ आणि १२६. बाण आडवा होता, सेन्सर २२९ वर. १२४ घातले. अर्ध्या तासाने पुन्हा मागितले, तेव्हा बोट १२९, तेच दिले. रात्री जेवणाआधी सेन्सर ११२, बोट ११८. मग शिवलं नाही.

पहाटे ३ ला पुन्हा ६१. उजव्या कुशीवरच होता. सरळ केला, बोट टोचलं, ९८. झोपमोड झाली म्हणून चिडून उशी डोक्यावर घेतली. रविवारी नवा सेन्सर डाव्या दंडावर.