आयर्लंडमधल्या कॉर्कच्या डेअरी फार्मवर ख्रिसमसचं जेवण: १० माणसं, २ शाकाहारी, ओव्हन एकच

सावनी_मॅलो

यंदा २५ तारखेचं जेवण आमच्याकडे आहे. उत्तर कॉर्कमधलं फार्म, टेबलावर १० जण. सासरची मंडळी आणि पुण्याहून आलेले आई-बाबा. आई-बाबा शाकाहारी, अंडं चालतं. टर्की आणि हॅम दोन्ही हवंच, असं सासूबाईंचं म्हणणं. एका ओव्हनमध्ये क्रम कसा लावायचा? गोठ्याची कामं सांभाळून जेवायची वेळ किती ठेवावी? आई-बाबांना नुसत्या भाज्यांवर बसवायचं नाहीये.

क्रिस किंडलची, म्हणजे चिठ्ठ्या काढून एकमेकांना द्यायच्या भेटींची, रक्कमही ठरत नाहीये. मोठे दीर २० युरो म्हणतात, नणंद ५०. आणि एक नाजूक गोष्ट: शेत धाकट्या दिरांच्या नावावर होणार आहे. "बाकीच्यांचा वाटा कुठे गेला?" असं बाबा विचारणारच. कायदा नेमका काय आहे तो आधी कळला तर बरं.

गोठा_टिपरेरी

आधी एवढंच विचारा: कळप वसंतात विणारा आहे की हिवाळ्यातही दूध घालणारा? कॉर्कमधले बहुतेक कळप पहिल्या प्रकारचे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गाई आटवलेल्या असतात आणि जानेवारीच्या शेवटी वेत सुरू होतं. म्हणजे २५ तारखेला धारा नाहीत. उरतं ते मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) टाकणं, गव्हाणीकडे ढकलणं, गव्हाणीच्या जागा झाडणं आणि प्रत्येक गाभण गाय डोळ्यांखालून घालणं. २४ च्या संध्याकाळी मुरघास जास्त टाकून ठेवला की सकाळचं काम तासाभराचं होतं.

सुट्टीच्या गडबडीत हमखास राहतं ते मुरघासावर भुरभुरायचं आटवलेल्या गाईंचं मिनरल. त्यातलं मॅग्नेशियम कमी पडलं तर व्यायल्यावर मिल्क फीव्हर (रक्तातलं कॅल्शियम घसरून होणारा आजार) होतो, आणि त्याचा संबंध ख्रिसमसशी कुणी लावत नाही. पोत्यावर लिहिलेलं माप २४ लाच काढून ठेवा.

साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्याआधी गोठ्यात पुन्हा एक फेरी हवीच. जेवण ३ ला ठेवलंत तर पुरुषमंडळी २ ला फेरी मारून, बूट दाराबाहेर काढून, हात धुऊन बसतील. हिवाळी दुधाचा कळप असेल तर मात्र दुपारची धार चुकवता येत नाही. मग १ वाजता जेवा.

लिमरिकची_चूल

एका ओव्हनची युक्ती म्हणजे हॅम २४ लाच करून टाकणं. १० जणांना टर्कीसोबत ३ किलोचं बिनहाडाचं कच्चं हॅम पुरतं आणि २६ तारखेच्या सँडविचलाही उरतं. रात्रभर गार पाण्यात भिजवा, मधे एकदा पाणी बदला. मग नवं गार पाणी, १ कांदा, २ गाजरं, तमालपत्र, मिरी. वेळेचा हिशोब ४५० ग्रॅमला २० मिनिटं आणि वर २०, म्हणजे ३ किलोला अडीच तास. पाण्याला खळखळ उकळी येऊ देऊ नका, नुसते बुडबुडे दिसले पाहिजेत. खळखळ उकळलं की मांस दोऱ्या-दोऱ्यांचं होतं आणि सुरीखाली चुरतं.

आच बंद करून अर्धा तास त्याच पाण्यात ठेवा. बाहेर काढून कातडी सोलून घ्या, खालची पांढरी चरबी सेंटीमीटरभर राहू द्या. चरबीवर शंकरपाळ्यांसारख्या तिरक्या रेघा मारा, पण सुरी मांसापर्यंत गेली तर भाजताना चरबीचे तुकडे सुटून गळतात. प्रत्येक चौकटीत एक लवंग. वर ४ चमचे ब्राऊन शुगर, २ चमचे मोहरीची पेस्ट, १ चमचा मार्मलेड. २०० अंशांवर २० ते २५ मिनिटं. ट्रेमध्ये फॉइल आणि पेलाभर पाणी घाला, नाहीतर गळलेली साखर जळते आणि तो कडवट धूर हॅमलाच लागतो.

टर्की ५.५ किलोची घ्या. धुऊ नका, जंतू शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि सिंकमध्ये उडतात. किलोला २० मिनिटं आणि वर ९० धरली की १८० अंशांवर ३ तास २० मिनिटं होतात. पावणेअकराला आत, २ वाजून ५ ला बाहेर. मांडीच्या जाड भागात थर्मामीटर ७५ दाखवलाच पाहिजे. मग फॉइलखाली निवत ठेवा आणि त्या पाऊण तासात ओव्हन २०० वर नेऊन बटाटे भाजा. रूस्टर जातीचे, १० मिनिटं उकडून, चाळणीत हलवून कडा खरबरीत केलेले.

गोठवलेली टर्की असेल तर फ्रिजमध्ये सुटायला दर २ ते २.५ किलोला एक दिवस धरा, म्हणजे २२ लाच खाली काढा.

ईशा_गॉलवे

हॅम भिजवण्यावर इथे दर वर्षी वाद होतो. हल्लीचं क्युअरिंग (मांस मिठात मुरवणं) पूर्वीपेक्षा सौम्य असतं. स्मोक्ड नसेल तर गार पाण्यात घालून उकळी आणा, वर पांढरा फेस आला की ते पाणी फेकून नव्या पाण्यात शिजवा. एवढं पुरतं. स्मोक्ड असेल तर मात्र लिमरिकताईंचंच ऐका.

आता आई-बाबांचं. अडचणी लपलेल्या असतात, म्हणून एकेक सांगते. पारंपरिक पुडिंग आणि मिन्स पाय या सुक्या मेव्याच्या गोड पदार्थामध्ये सुएट असतं, म्हणजे गाईबैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. पाकिटावर 'व्हेजिटेबल सुएट' शोधा. घरी करत असाल तर सुएटच्या जागी तेवढंच गार, किसलेलं बटर चालतं. ट्रायफल या थरांच्या गोड पदार्थातल्या जेलीत जिलेटिन असतं, तेही जनावरांपासूनच काढलेलं. ब्रसेल्स स्प्राउट्समध्ये बरेच जण बेकन परततात. बटाटे हंसाच्या किंवा टर्कीच्या चरबीत भाजतात. ग्रेव्ही तर टर्कीच्या ट्रेमधूनच निघते.

कॉर्कमध्ये आणखी एक पदार्थ असतो, स्पाइस्ड बीफ. ख्रिसमसला तिथे तो हवाच असतो. मीठ, साखर, लवंग, ऑलस्पाइसमध्ये मुरवून उकडलेला, गार करून पातळ कापलेला. ताटात तो हॅमशेजारीच मांडतात, फरक फक्त गडद रंगाचा आणि कडेच्या काळ्या मसाल्याचा. तुमच्याकडे कुणी बीफ टाळत असेल तर वेगळ्या ताटात, वेगळ्या चिमट्यासह ठेवायला सांगा. सासूबाईंना आधी सांगितलं तर त्या आनंदानं करतील. ऐनवेळी सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल.

दोघांसाठी मुख्य पदार्थ: ३०० ग्रॅम मशरूम बारीक चिरून कोरड्या पॅनमध्ये परता, पाणी पूर्ण आटेपर्यंत. इथे घाई केली की पेस्ट्रीचा तळ गिच्च होतो. त्यात परतलेला कांदा, १८० ग्रॅम शिजवलेले चेस्टनट, मूठभर अक्रोड, ७५ ग्रॅम ब्रेडचा चुरा, थाइम, मिरी. पूर्ण गार झाल्यावर पफ पेस्ट्रीत गुंडाळा, अंडं लावा, २०० वर ३५ मिनिटं. बटाट्यांबरोबरच, त्यांच्या वरच्या खणात जातं. बटाट्यांचा एक ट्रे तेलातला वेगळा. स्टफिंग टर्कीच्या पोटात न भरता वेगळ्या भांड्यात भाजलंत तर तेही त्यांना चालेल: १५० ग्रॅम बटर, २ कांदे, ४०० ग्रॅम आदल्या दिवशीच्या पावाचा चुरा, भरपूर पार्सली आणि थाइम.

सावनी_मॅलो

फार मोलाची माहिती. कळप वसंतातलाच आहे, ३ वाजता जेवण नक्की केलं. शेताच्या प्रश्नावर कुणी लिहील का?

बांधावरून_वॉटरफर्ड

बाबांना आधी हे सांगा की इथे वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हक्क मिळत नाही. आपल्याकडे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्मतः सहहिस्सेदार असते. इथे जमीन ज्याच्या नावावर, त्याची. १९६५ च्या सक्सेशन ॲक्टनुसार मृत्युपत्र काहीही म्हणो, मुलं असतील तर जोडीदाराला एक तृतीयांश मिळतोच. मुलांना ठरलेला वाटा नाही. आईवडिलांनी नैतिक कर्तव्य पाळलं नाही, असं म्हणत मूल कलम ११७ खाली कोर्टात जाऊ शकतं, पण मुदत प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता) मिळाल्यापासून फक्त ६ महिने. मृत्युपत्रच नसेल तर जोडीदाराला दोन तृतीयांश, उरलेलं मुलांत समान.

एकालाच का, याचं कारण गोठ्यात आहे. २०२० च्या कृषी गणनेत सरासरी शेत ३३.४ हेक्टर होतं. दुधाचं उत्पन्न मिल्किंग पार्लरपर्यंत चालत येता येईल अशा कुरणावर चालतं. त्याचे चार तुकडे केले की पार्लर एकाकडे, कुरण दुसऱ्याकडे, आणि दूध कुणाचंच नाही.

करात मोठा फरक पडतो. आईवडिलांकडून मुलाला मिळणाऱ्या मालमत्तेवर २ ऑक्टोबर २०२४ पासून ४,००,००० युरोपर्यंत कर नाही, वर ३३ टक्के. शेताला ॲग्रिकल्चरल रिलीफ ही शेतीची करसवलत लागू झाला तर बाजारभावाच्या १० टक्केच किंमत धरतात. १२,००,००० युरोचं शेत १,२०,००० चं ठरतं आणि कर शून्य होतो. इथेच लोक फसतात: शेत मिळाल्यानंतर घेणाऱ्याच्या एकूण मालमत्तेत ८० टक्के शेतीची हवी. धाकट्या दिरांचा डब्लिनमध्ये फ्लॅट असेल तर अकाउंटंटकडे हिशोब आधी करून घ्या, बक्षीसपत्रावर सह्या नंतर. शिवाय ६ वर्षं शेती चालली पाहिजे. मधेच विकलं तर सवलत परत जाऊ शकते.

नणंदेला आणि मोठ्या दिरांना काही मिळत नाही असं नाही. रूढ मार्ग म्हणजे घरासाठी साइट. १ एकरपर्यंतची, ५,००,००० युरोपर्यंतची जागा मुलाला स्वतःच्या राहत्या घरासाठी दिली तर आईवडिलांना कॅपिटल गेन्स टॅक्स (मालमत्तेच्या वाढलेल्या किमतीवरचा कर) लागत नाही. मात्र बांधकामाची परवानगी मिळेल की नाही ते आधी तपासा, नाहीतर हातात नुसतं कुरण राहतं.

लिमरिकची_चूल

क्रिस किंडलबद्दल राहिलंच. मोठ्यांनी चिठ्ठ्या काढायच्या, मुलांना सगळ्यांनी द्यायचं, अशी विभागणी केली की ३० युरोत भांडण मिटतं. आकडा सांगताना 'कमाल' म्हणा, 'साधारण' नको. साधारण ३० चे ४५ होतात आणि ज्यानं ३० पाळले तो ओशाळतो. नणंद व्हाउचर देणार असेल तर पावती जपायला सांगा. २०१९ च्या कायद्यानं व्हाउचरची मुदत किमान ५ वर्षं असते. सासरे मुलांना पाकिटातून रोख देणार असतील तर एका माणसाकडून एका कॅलेंडर वर्षात ३,००० युरोपर्यंतची भेट करमुक्त, ती वरच्या ४,००,००० मधून वजाही होत नाही.

टर्की मात्र उद्याच खाटकाकडे सांगा आणि २३ ला आणा. २५ ला दुकानं बंद असतात आणि बस-रेल्वेही धावत नाही. विसरलेला थाइमही मिळणार नाही.