दरवाजांचा गेम: गुण उलटे ठेवा

संभाजीनगरच्या जुन्या दरवाजांवरचे इन्स्टाग्राम चेक-इन मोजून गुण देणारा गेम बनवायचा, ही तुमच्या प्रोजेक्ट ग्रुपची कल्पना झकास आहे. पण इन्स्टाग्रामचं जुनं एपीआय (बाहेरच्या ॲपला तिथली माहिती घेऊ देणारी सोय) २०२० मध्येच बंद झालं. लोकेशनवरून परक्या लोकांच्या पोस्ट ओढता येतील, या भरवशावर राहू नका. विकिमीडिया कॉमन्सवरचे जिओटॅग (फोटो कुठे काढला त्याची नोंद) असलेले फोटो घ्या, नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा. दोन्ही फुकट, आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) परवानगीचं विचारलं तर उत्तर तयार. (श्रेय आणि लायसन्स मात्र दाखवा.)

खरी गोम पुढे आहे. फोटो काढायला सगळे बीबी का मकबऱ्याला पळणार. मकई दरवाजाला कोण विचारतो? म्हणून गुण उलटे ठेवा, जिथे फोटो कमी तिथे जास्त. 'पोकेमॉन गो' या मोबाईल गेमचे बरेच स्टॉप (खेळात भेट द्यायच्या खऱ्या जागा) 'इन्ग्रेस' या आधीच्या गेमच्या खेळाडूंनी सुचवलेल्या जागांवरून आले, त्यामुळे जिथे ते खेळाडूच नव्हते तिथे ठणठणाट. गुण उलटे ठेवले नाहीत तर तुमचंही तेच होईल.

आणि बाबांनो, ऐन रहदारीत पोरांना कमानीखाली उभं करू नका. चेक-इनसाठी दरवाजाभोवती पन्नासेक मीटरची त्रिज्या ठेवा. तसंही मोबाईलचं जीपीएस काही मीटर इकडंतिकडं होतंच.