म्युनिक ते अँडरमॅट, बाईकवर दोघं : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जुलैमध्ये मी आणि बायको आल्प्समध्ये नऊ दिवस बाईकवर फिरणार आहोत. गाडी म्युनिकला भाड्याने घेऊ. तिथून टिमेल्सयोख घाट ओलांडून इटलीतलं मेरानो, मग प्रातो गावाच्या बाजूने स्टेल्वियो घाट (२७५७ मीटर, चढताना ४८ हेअरपिन वळणं!), पुढे बर्निना आणि ओबरआल्प हे घाट, आणि शेवटी स्वित्झर्लंडमधलं अँडरमॅट. तिथे दोन मुक्काम, म्हणजे फुर्का, ग्रिमझेल आणि सुस्टेन हे तिन्ही घाट एकाच दिवसात गोल फिरून होतील.

वरंध, ताम्हिणी बरेच वेळा केलेत, त्यामुळे घाटाची भीती नाही. धास्ती आहे ती उजव्या बाजूने चालवायची. आपल्याकडे डावं वळण आतलं आणि अरुंद, तिथे उजवं. मागे बायको, दोन्हीकडे सामानाच्या पेट्या, आणि चढावर पहिल्या गियरमध्ये उजवीकडे पूर्ण वळायचं. हे अंगवळणी पडायला किती दिवस लागले? पहिले दोन दिवस बव्हेरियातच सोपे रस्ते फिरावेत का?

स्वित्झर्लंडच्या घाटात पिवळ्या पोस्टबसला (पोस्टाच्या प्रवासी बसला) आधी वाट द्यायची हे वाचलंय. ती वळणावर समोर आली तर नेमकं कुठे थांबायचं?

अजून एक. ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता पूर्वेला पडतो, टोलही आहे. पण बायकोला तिथली हिमनदी बघायचीच आहे. त्यासाठी बर्निना सोडावा का? माझं मन स्टेल्वियो सोडायला अजिबात तयार नाही.

आणि पिलियनसह (मागे कुणाला बसवून) गेलेल्यांनी कृपया सांगा, दिवसाला किती किलोमीटर झेपतात? मी १८० धरलेत.