मदत हवी आहे: स्पार्क प्लगच्या विहिरीत (तो बसतो त्या खोल खाचेत) ऑइल, आता प्लग कोणता घालू?

गाडी 2002 ची, 1.5 लिटर पेट्रोल सेडान. प्लग एनजीके बीकेआर6ई-11. तिसऱ्या प्लगच्या वरच्या पोर्सलेनवर ऑइल आहे, टोक मात्र फिकट तपकिरी. म्हणजे पिस्टन रिंग नव्हे, टॅपेट कव्हरमधलं (इंजिनाच्या वरच्या झाकणातलं) ट्यूब सील, म्हणजे प्लगच्या विहिरीभोवतीचं सील गेलंय. ते बदलतोच आहे. ठिणगी पडते तो गॅप 1.1 ऐवजी 1.3 मिमी भरला; गाडी चढावर मिसफायर करते (ठिणगी चुकते), ते त्यामुळेही असेल.

मेकॅनिक बीकेआर5ई घाला म्हणतोय. पण एनजीकेत आकडा कमी तेवढा प्लग गरम (टोकाची उष्णता हळू बाहेर सोडणारा)! वापर बहुतेक हायवेचा. नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) वाढणार नाही का? ऑइलने भिजलेला तिसऱ्याचा रबर बूट (प्लगवर बसणारी वायरची टोपी) पुसून चालेल, की वायरचा अख्खा सेटच घ्यावा? ॲल्युमिनियम हेडवर, कोरड्या आट्यांना 25 न्यूटन-मीटर पुरे ना? इरिडियम प्लग सुचवू नका, बजेट नाही.