पाचशेला घेतलेला स्पेक्ट्रम: काकूंना खरी किंमत सांगायला हवी होती का?

माळ्यावरचा_माल

मंडळी, महिनाभर घरात वाद चाललाय, आता इथे टाकतो. जरा सविस्तर आहे, सांभाळून घ्या.

आमच्या मागच्या गल्लीतल्या एका काकूंचा वाडा पाडून तिथे इमारत होणार आहे. माळा रिकामा करताना त्यांनी हाक मारली. "तुला ते जुनं विजेचं सामान आवडतं ना, रद्दीवाला यायच्या आत बघून जा." बघतो तर खोक्यासकट डीबी स्पेक्ट्रम प्लस! ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीने १९८२ मध्ये रबरी बटणांचा स्पेक्ट्रम नावाचा घरगुती कॉम्प्युटर काढला, १९८४ मध्ये जरा बऱ्या कीबोर्डचा प्लस. त्याचीच परवाना घेऊन बनवलेली भारतीय आवृत्ती डेसिबेल्स कंपनीने १९८६ मध्ये आणली. मेमरी ४८ के (किलोबाइट), पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि प्रोग्राम कॅसेटवर, टेपरेकॉर्डर जोडून किंचाळ्या ऐकत चढवायचे. इंग्लंडात साधे स्पेक्ट्रम ढिगाने मिळतात. ही देशी आवृत्ती मात्र तिकडचे लोकही शोधत असतात.

मी म्हटलं, काकू किती देऊ? "रद्दीवाला शंभर म्हणाला." मी पाचशे दिले. त्या खूश, वर आल्याचा चहा.

यंत्र मेलेलं होतं. टीव्हीवर नुसती रंगीत ठिगळं. उघडून मीटर लावला तर उणे पाच व्होल्ट गायब. यातल्या जुन्या मेमरी चिपना तीन वेगवेगळी व्होल्टेज लागतात, त्यातलं हे एक गेलं की चिपा जळत जातात. आठांपैकी तीन गेलेल्या. कीबोर्डखालचा प्लास्टिकचा पातळ पडदा वाळून पापडासारखा मोडला, तो नवा इंग्लंडहून मागवला, त्यावर कस्टम. खोक्यात अडॅप्टर नव्हता, तो दुसरा जुळवला. चार रविवार आणि साधारण साडेतीन हजार गेले. शेवटी टीव्हीच्या पडद्याच्या तळाशी "© १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड" ही ओळ उमटली तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी बायकोला उठवलं. (ही चूक झाली.)

फोटो टाकल्यावर बंगळूरच्या एकाने सोळा हजार देऊ केले. बायकोचा पहिला प्रश्न: "काकूंना सांगितलंस का?" मी म्हणतो, त्यांनी मागितले त्याच्या पाचपट दिले, विषय संपला. ती म्हणते नाही संपला. तुमचं काय मत?

हिशेबनीस

संपला. चार रविवारांची मजुरी धरा. चांगला दुरुस्तीवाला दिवसाला दीड हजार सहज घेतो, म्हणजे सहा हजार. अधिक साडेतीन, अधिक पाचशे. दहा हजार तुमची लागतच झाली. वरचे सहा म्हणजे यंत्र दुरुस्त झालंच नसतं तर बुडाले असते त्या जोखमीचे. काकूंकडे जे होतं ते सोळा हजारांचं यंत्र नव्हतंच. ते मेलेलं खोकं होतं.

जाई_जुई

हिशेबनीस, गणित छान, पण मेलेल्या खोक्याचीही किंमत शंभर नव्हती आणि धागाकर्त्याला हे माळ्यावर उभं असतानाच कळलं होतं. त्यांनीच लिहिलंय, "बघतो तर खोक्यासकट!" ते उद्गारचिन्ह काकूंना ऐकू आलं का? नाही आलं. मुद्दा तेवढाच आहे.

त्या बाजारात बसल्या नव्हत्या. शेजारचा मुलगा, जाणकार, म्हणून त्यांनी तुम्हाला बोलावलं. "किती देऊ?" हा प्रश्न जाणकाराने अजाण माणसाला विचारायचा नसतो. माळ्यावर पितळेच्या जुन्या समया निघाल्या असत्या तर काकूंनी चार ठिकाणी चौकशी केली असती. कॉम्प्युटरचं भंगार त्यांना कळत नाही, आणि तुमचा फायदा नेमका त्या न कळण्यातून आलाय.

बुधवार_रविवार

आपला गाळा आहे पुण्याच्या जुन्या बाजारात. नाव बघून कळलंच असेल, बाजार बुधवारी आन् रविवारी भरतो.

ताई, एक विचारतो. हेच मी केलं असतं तर? मी काकूंना दोनशे देऊन उचललं असतं, ह्या साहेबांना तीन हजाराला दिलं असतं, तर इथं सगळे म्हणाले असते भंगारवाल्यानं म्हातारीला लुटलं. तुम्ही केलं तर छंद, आम्ही केलं तर लूट.

आता आमचा हिशोब ऐका. दहा मशिनी उचलतो तेव्हा एखादी निघते. बाकीच्या नऊ किलोवर जातात. त्या नऊ जणांना पैशे तर आधीच दिलेले असतात. गिऱ्हाईक येतं, मोबाइल काढतं, म्हणतं परदेशात ह्याला एवढे डॉलर मिळतात. मग जा की परदेशात. आन् जे गिऱ्हाईक गुपचूप हसतं, घासाघीस न करता नोट काढतं, तेव्हा आपल्याला कळतं, गेला आपला माल. पण परत हाक नाय मारत. बाजाराचा नियम आहे.

जाई_जुई

दादा, बरोबर आहे तुमचं, आणि तुमच्यावर माझा राग नाहीच. बाजारात दोघेही बाजाराला आलेले असतात. माळ्यावर चहा देऊन बोलावलेलं असतं. फरक मला तिथे दिसतो.

खडू_फळा

माझा अनुभव थोडा बाजूचा आहे. १९८४ मध्ये केंद्र सरकारची शाळांना संगणक देणारी 'क्लास' नावाची योजना आली, तिच्यात बीबीसी मायक्रो यंत्रं दिली होती. आमच्या शाळेतही आली. मी तेव्हा नवा शिक्षक. खोलीला वातानुकूलन, मुलांनी चपला बाहेर काढायच्या, मुख्याध्यापकांची परवानगी असल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. देव्हाराच तो.

पुढे ती बंद पडली, जडसंग्रह नोंदवहीत वर्षानुवर्षं पडून राहिली आणि एके दिवशी निर्लेखन झालं, म्हणजे नोंदीतून काढून टाकली. समितीने सह्या केल्या, भंगारवाल्याने तराजू आणला आणि यंत्रं मोडक्या बाकांच्या लोखंडाबरोबर एकाच पावतीवर गेली. कुणी लुटलं नाही, सगळं नियमात झालं. म्हणून मला धागाकर्त्याचा राग येत नाही. त्यांना माळ्यावर ते ओळखता तरी आलं.

एक सूचना. कुणाला अशी बीबीसी मायक्रो मिळालीच तर लगेच प्लगला लावू नका. पॉवर सप्लायमध्ये पिवळट पारदर्शक कॅपॅसिटर असतात, त्यांना वयाने भेगा पडतात. पाच-दहा मिनिटं यंत्र छान चालतं, मग फट्ट आवाज आणि घरभर असा घाण धूर की शेजारी येतात. आधी ते बदला.

केन्सवाली

मी इंग्लंडात मिल्टन कीन्सला असते. इकडे दर रविवारी पहाटे कार बूट सेल भरतो, लोक गाडीची डिकी उघडून घरातलं जुनं विकतात. तिथे सहा वाजता टॉर्च घेऊन फिरणारे व्यापारी असतात, माल गाडीतून उतरायच्या आत हात घालतात. दहा वर्षांपूर्वी दोन-चार पौंडांना स्पेक्ट्रम मिळायचा. आता आजीबाईसुद्धा म्हणतात, "थांब, ईबेवर बघते." धर्मादाय दुकानांतही मागच्या खोलीत कुणीतरी हेच बघत बसलेलं असतं.

पण बघायचं कसं ते लोकांना कळत नाही. ईबे ह्या खरेदी-विक्रीच्या साइटवर मागितलेली किंमत कुणीही कितीही लिहितो. 'विकलं गेलं' असा चाळणीचा पर्याय असतो, तो लावून शेवटचे पाच-सहा सौदे बघायचे. माळ्यावर नुसती मागणी बघून काकूंना सांगितलं असतं तर ते खोटंच ठरलं असतं. तेव्हा बायकोचं म्हणणं मान्य, पण सांगणार काय? मलाही आतून वाटतं की सांगायला हवं होतं, आणि मी स्वतः कधीच सांगितलेलं नाही.

अर्धवट_अभियंता

तुम्ही सगळे घेणाऱ्याच्या पापाबद्दल बोलताय. विकणाऱ्याचं पाप बघा. 'अनटेस्टेड'! म्हणे "केबल नसल्याने तपासलेलं नाही". अरे, ज्याच्याकडे पंधरा कॉम्प्युटर विकायला आहेत त्याच्याकडे एक केबल नाही?

मी अशाच एका विक्रेत्याकडून अमिगा ५०० हा जुना कॉम्प्युटर घेतला, त्यासोबत जास्तीच्या मेमरीचं कार्ड. फोटोत वरून चकाचक. कार्डाचं पत्र्याचं आवरण काढलं तर आत घड्याळासाठीची छोटी रिचार्ज बॅटरी फुटून हिरवी बुरशी आलेली. खोबऱ्याच्या जुन्या वाटीत येते ना, तशी. तांब्याचे मार्गच खाल्लेले, बोट लावलं तर सुटून आले. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर: "अनटेस्टेड लिहिलं होतं." अमिगाच्या ह्या बॅटऱ्या गळतात हे ह्या धंद्यात पोरासोरांनाही माहीत आहे. त्याने पत्रा उघडला नाही कारण त्याला माहीत होतं आत काय असणार.

कमोडोर ६४ ह्या कॉम्प्युटरचंही तसंच. त्याचा जुना काळा ठोकळा अडॅप्टर आतून राळेने भरलेला, दुरुस्तच होत नाही. बिघडला की पाच व्होल्टच्या जागी जास्त सोडतो आणि चिपा मारतो. तो तसाच जोडीला देऊन "चालू आहे" म्हणून विकणं म्हणजे ब्रेक नसलेली स्कूटर "इंजिन चालू" सांगून विकणं. काकूंचं राहू दे. बंगळूरवाल्याला तरी सगळं लिहून द्या, कुठली चिप बदलली, कीबोर्डखालचा पडदा नवा, अडॅप्टर मूळचा नाही.

हिशेबनीस

ह्याच्याशी शंभर टक्के सहमत. आणि जाता जाता: 'अस्सल व्हिंटेज निन्टेंडो' म्हणून आपल्याकडचे '९९९९ इन १' वाले टीव्हीला जोडायचे नकली गेम विकतात त्यांचंही बघा कुणीतरी. आत बोटाच्या पेराएवढी सर्किटची पाटी, तिच्यावर डांबरासारखा काळा टिपका, बाकी पेटी रिकामी. वजन वाटावं म्हणून काहींत लोखंडाचा तुकडा टाकलेला असतो.

टिपका_प्रेमी

ओ, त्या टिपक्यावर माझं बालपण गेलंय. कॅसेट काढून फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. कॉन्ट्रा हा खेळ सुरू झाला की भावाबरोबर दुसऱ्या रिमोटवरून भांडण. मला तो नकली आहे हे वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं आणि तरीही मी गेल्या वर्षी दोन हजारांना तसाच घेतला. नकलीच हवा होता. अस्सल आमच्या गावात कुणी बघितलाय?

नफा_तोटा_शून्य

एवढा जीव का टाकता? हा सगळा बुडबुडा आहे. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात सुपर मारिओ ६४ ची न फोडलेली प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. १९९६ चा खेळ, कोटीभर प्रती खपलेला! घेणाऱ्याला खेळता येत नाही, कारण फोडला की किंमत गेली. लग्नातला रुखवत तरी चार दिवसांनी खातात. खेळायचंय तर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, घ्या, फुकट, मोबाइलवर चालतो. सोळा हजारांत स्पेक्ट्रम घेणारा बंगळूरवालाच खरा फसलाय.

केन्सवाली

एम्युलेटरसाठी खेळाची प्रत कुठून येते? कुणीतरी खऱ्या कॅसेटवरून उतरवली म्हणूनच ना. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजलं, तिथे २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज दुकानात अधिकृतपणे मिळतच नाहीत. जे काही उरलंय ते असल्या माळ्यांवर आणि वेड्या संग्राहकांकडे. सीलबंद डब्यांचे सट्टेवाले मलाही आवडत नाहीत, पण त्यांच्यामुळे सोल्डरिंग करणाऱ्यांना नावं ठेवू नका.

बुधवार_रविवार

मोबाइलवर खेळा साहेब. तेवढीच आमची गर्दी कमी.

जाई_जुई

हसले. पण धागाकर्ते कुठे गेले? प्रश्न विचारून पळाले का?

माळ्यावरचा_माल

पळालो नाही, काकूंकडे गेलो होतो. जाई_जुई ताईंचं ते उद्गारचिन्ह डोक्यातून जाईना.

सगळं सांगितलं. पाचशे, साडेतीन हजार, चार रविवार, सोळा हजार. मी मनात ठरवून गेलो होतो की सौदा झाला तर तीन हजार त्यांना द्यायचे. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "अरे, तेव्हाच सांगितलं असतंस तर मीच म्हटलं असतं, दुरुस्त करून विक, निम्मे मला दे." मी म्हटलं, काकू, तेव्हा तो दुरुस्त होईल की नाही मलाच माहीत नव्हतं. "ते खरं. पण भारी आहे हे माहीत होतं ना?" होतं. गप्प बसलो. तीन हजार त्यांनी दोनदा मोजून घेतले.

निघताना आतून एक पिशवी आणली. त्यात मूळचा अडॅप्टर, डेसिबेल्सचं माहितीपुस्तक आणि सात कॅसेटी. दोनवर त्यांच्या यजमानांच्या अक्षरात 'घरखर्च' आणि 'घरखर्च नवीन' असं लिहिलेलं. म्हणजे त्यांनी घरखर्चाचा प्रोग्राम स्वतः लिहिला होता बहुतेक.

"हे त्याच्याच जोडीचं," काकू म्हणाल्या. "रद्दीवाला पन्नास म्हणाला. आता तू किती म्हणतोस ते सांग."

अर्धवट_अभियंता

अडॅप्टर थेट लावू नका! आधी मीटरने तपासा. स्पेक्ट्रमच्या प्लगचा मध्य ऋण असतो, बहुतेक अडॅप्टरांच्या उलटा. आणि त्या दोन कॅसेटी आधी कॉम्प्युटरवर ध्वनिमुद्रित करून घ्या, मग वाजवत बसा.

हिशेबनीस

ते राहू द्या. तुम्ही किती म्हणालात?

माळ्यावरचा_माल

घरखर्चाच्या दोन कॅसेटी सोडून बाकीच्याचे बाराशे म्हणालो. त्या म्हणाल्या, नातवाला इंटरनेटवर बघायला सांगते, उद्या ये.